आबांनी अर्थ सांगितलेली अमेरिका

जूनमध्ये शाळा भरली त्याच आठवड्यात ऑफिसात एक मोठं खोकं आलं. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिथल्या एका ग्रंथालयानं काढून टाकलेली पुस्तकं त्यानं आमच्यासाठी पाठवली होती. शाळा उंब्रजजवळच्या खेड्यातली आणि इंग्रजीची शिक्षिका मी एकटीच. हेडसरांनी वरची दोन पुस्तकं उलटसुलट करून पाहिली, परत ठेवली आणि म्हणाले, "बाई, हे सगळं तुम्ही वर्षभरात वाचून काढा. पोरांना काय द्यायचं, काय न्हाई, ते तुम्हीच ठरवा. मग कपाटात लावू."

सरांना वाटलं, आपण बाईंवर काम टाकलं. मला हसू आवरेना म्हणून मी खाली वाकून खोक्याची सुतळी सोडत बसले.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. उंब्रजहून साताऱ्याला रोज एस.टी.नं जाऊन बी.ए. केलं, तेही इंग्रजी घेऊन. अभ्यासाला कादंबऱ्या होत्या, पण वर्गात पुस्तक एकच असायचं आणि ते सरांच्या हातात असायचं. सर त्यातून जेवढं वाचून दाखवायचे तेवढीच कादंबरी आमच्या वाट्याला यायची. त्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत, कारण ते इतकं चवीनं वाचायचे की तास संपला तरी पुढचं पान मला दिसत राहायचं. आता माझ्यासमोर पुढचीच नव्हे, सगळीच पानं होती आणि ती वाचायचा मला चक्क हुकूम झाला होता.

खोकं रिक्षात घालून घरी आणलं. माझे पती सैन्यात आहेत, पोस्टिंग लांब उत्तरेत, म्हणून नोकरीच्या सोयीनं मी माहेरीच, आईआबांकडे राहते. पहिलं पुस्तक समुद्रावरचं निघालं. जहाज, शिकार, वादळं. समुद्र मी एकदाच पाहिला होता, दहावीच्या सहलीत, आणि तेव्हा माझं सगळं लक्ष चप्पल वाहून जाऊ नये याच्यावर होतं. सुरुवातीला ओळीओळीला शब्द अडायचे. डिक्शनरी मांडीवरून खाली उतरत नव्हती. मग कधीतरी, कसं कोण जाणे, मी अडलेल्या शब्दांवरून उड्या मारत पुढं पळायला लागले, उसाच्या सरीतून लहान पोर पळतं तशी. कुठं जायचंय ते माहीत नाही, पानं अंगाला घासतायत, पण थांबावंसं वाटत नाही.

त्या दिवसांत मी काही धड राहिले नव्हते. तव्यावर भाकरी करपायची. एकदा एस.टी.त वाचत बसले ते माझा थांबा गेल्याचंही कळलं नाही. कंडक्टर म्हणाला, "बाई, शाळा मागं ऱ्हायली. आज पोरांनी सुट्टी दिली व्हय तुम्हाला?" मी पुढच्या फाट्यावर उतरले, भर उन्हात परत चालत आले आणि वाटभर एकटीच हसत होते. स्टाफरूममध्ये डबा खाता खाता भूगोलाच्या सरांना मी भर वादळात शीड कसं उतरवतात ते हात हलवून दाखवलं. माझ्या हातातला चमचा त्यांच्या आमटीत पडला.

खोक्यात सगळ्याच काही कादंबऱ्या नव्हत्या. शहरातल्या श्रीमंतांच्या मेजवान्यांची एक होती, एका मुलीच्या लहानपणाची एक होती, आणि त्यांच्यामध्ये मधमाश्या पाळण्याची माहिती, लोकरीच्या विणकामाचे नमुने, जुन्या ट्रॅक्टरची दुरुस्ती असलीही पुस्तकं खुपसलेली होती. हेडसरांनी 'सगळं' म्हटलं होतं. मी सगळं वाचलं. ट्रॅक्टरचं पुस्तक संपलं तेव्हा मला जराशी चुटपुटच लागली.

आबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी ओट्यावर बसून ते माझी पानं उलटण्याचा आवाज ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "मनातल्या मनात काय वाचतीस? गुळणी धरल्यागत. आमाला बी कळू दे की."

मी मोठ्यानं एक परिच्छेद वाचला आणि मराठीत त्याचा अर्थ सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अर्थ तू न्हाई सांगायचा. तू वाचणारी."

आमच्या गावात श्रावणात देवळात पोथी लागते आणि वाचून पुरी झाली की उतरते. त्याची रीत ठरलेली आहे. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाचणाऱ्यानं अर्थ सांगायचा नाही आणि सांगणाऱ्यानं पोथीत डोकं घालायचं नाही. आबा पूर्वी वाचायला बसायचे. अलीकडं घसा बसतो म्हणाले आणि अर्थ सांगण्याकडं वळले, आणि त्यात त्यांचं नाव झालं. त्यांनी अमेरिकेलाही तोच नियम लावला. मी इंग्रजी मोठ्यानं वाचायचं, मग त्यांच्या कानाशी हळूच मराठीत सांगायचं, आणि मग ते सगळ्यांना अर्थ सांगणार.

सगळ्यांना म्हणजे आधी आईला. मग शेजारी ज्यांचं शिवणकामाचं दुकान आहे ते टेलरचाचा मशीन बंद करून येऊन बसायला लागले, त्यांच्यामागं गल्लीतली आणखी दोनचार माणसं. आबांनी देवघरातला जादा चौरंग आणून पुस्तक त्याच्यावर ठेवलं.

"तर ह्यो जहाजाचा कप्तान," आबा सुरू करायचे. "कंपनी कमांडर चांगला आसला तर जवान उपाशी ऱ्हात न्हाई. ह्यो तसला न्हाई. ह्याला बदली पायजे हुती, ती मिळाली न्हाई. तवापास्नं ह्याचं डोकं फिरलंय."

चाचा सुस्कारा सोडून म्हणाले, "अमेरिकेत बी बदलीचं आसंच हाय म्हणा की."

मेजवान्यांच्या कादंबरीत तर आबांनी कमाल केली. "रोज गावजेवाण घालतोय ह्यो माणूस. वळख न पाळख, येईल त्याला ताट. कशासाठी? इलेक्शनला हुबा ऱ्हायाचा आसंल."

"मग निवडून आला का पडला?" चाचांनी विचारलं.

"आजून अर्धं पुस्तक हाय. दम धरा."

"आबा, आवं तसलं कायबी न्हाई त्यात," मी म्हणाले.

"वाचणाऱ्यानं मधी बोलायचं न्हाई."

मी पान उलटलं. खरं सांगते, कॉलेजात कुठल्याही कादंबरीवर मला एवढं हसू आणि एवढा आनंद मिळाला नव्हता. दिवसा एकटीनं वाचलेली गोष्ट संध्याकाळी ओट्यावर तीच राहायची नाही. एका पुस्तकात मला दोन पुस्तकं मिळत होती.

दिवाळीत आबांनी चहा कपाच्या शेजारी ओतला. आई म्हणाली, "ध्यान कुठं हाय तुमचं?" दोन दिवसांनी दारातल्या विजेच्या खांबाला त्यांनी "या, बसा" म्हटलं. मी त्यांना साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या आत मिरजेला जाऊन ऑपरेशन करून घ्या, आणखी वाट बघितली तर त्या डोळ्याचं काही सांगता येणार नाही.

परतीच्या एस.टी.त मला सगळं उमगलं. देवळात त्यांचा घसा बसत नव्हता. त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली होती. ओट्यावर मी वाचायची तेव्हा ते माझ्याकडं बघत असायचे, पण जरासं बाजूला, माझ्या कानाच्या पलीकडं. इतके महिने मला वाटलं होतं, गोष्टीत रमलेत.

मिरजेला जायचं म्हणजे मुक्काम करायचा. मी विषय काढला.

"जाऊ की," आबा म्हणाले. "पण पोथी लावलीय न्हवं? ती उतरल्याबिगर गावाभाईर मुक्काम करायचा नसतो."

"आबा, ही पोथी न्हाई, कादंबरी हाय."

"चौरंग हाय. तू वाचतीस. मी सांगतो. ही ऐकत्यात. मग पोथी म्हंजे आणि काय आसतं?"

मी एवढी शिकलेली, पण पुढचं पान उघडून वाचायला बसले.

आम्ही ते पुस्तक भराभर संपवलं. शेवटचं पान झालं, चाचांनी गूळखोबरं वाटलं, आणि मी पुन्हा मिरजेचं नाव काढायच्या आत आबा म्हणाले, "फुडचं ठिव. चौरंग रिकामा ठिवायचा नसतो." असं हिवाळाभर चाललं. बर्फात रात्ररात्र पहारा केलेला माणूस, पण डोळ्याला हत्यार लागणार म्हटलं की त्यांच्या कपाळावर घाम फुटायचा. पुरुषासारखा पुरुष घाबरलाय हे त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं, मग अमेरिका पुढं करायची. मी लहानसहान पुस्तकं निवडायला लागले, तर म्हणायचे, "ही लय बारीक हाय. जाडजूड काढ." मी वाचत होते, मजाही येत होती आणि कॅलेंडरकडंही बघत होते. खोकं रिकामं होत चाललं होतं, त्यांचा डोळाही.

मे महिना आला. खोक्यात एकच जाड कादंबरी उरली. घरदार गाडीत घालून मोकळ्या माळावर नवी वस्ती करायला निघालेल्या एका कुटुंबाची. आबांनी ती हातात तोलून पाहिली आणि समाधानानं चौरंगावर ठेवली. ती वाचून उतरेपर्यंत पावसाळा लागला असता.

आई ओट्याच्या कडेला प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आवं, ज्या सालाला कृष्णंचं पाणी देवळात शिरलं, तवा पोथी कुठं हुती?"

"शाळंत न्हेली हुती," आबा म्हणाले. "मीच न्हेली. डोक्यावरनं."

"चौरंगासकट?"

"व्हय."

"मग मोडली?"

आबांनी चौरंगावरच्या पुस्तकावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मोडंल कशी? तितंच बसून उतरली."

"मग मिरजंला बी उतरंल. न्ह्या पोथी संगं."

चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वैनी, ह्ये आदी का न्हाई सांगितलं? दिवाळीपास्नं ही झटतीया."

आईनं पुढची कुरडई घातली. "मला बी ऐकायची हुती न्हवं पुस्तकं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा, मी आणि अमेरिकेतलं कुटुंब मिरजेला निघालो. पुस्तक लाल फडक्यात गुंडाळून आबांनी मांडीवर धरलं होतं. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी बदलतानाही त्यांनी ते मला दिलं नाही. सांगली गेली तेव्हा त्यांचे हात त्या फडक्यावर घट्ट आवळलेले होते.

दवाखान्यात वॉर्ड मोठा होता. सगळे मोतीबिंदूचेच पेशंट, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होतं. आबांच्या पलीकडं एक कॉट सोडून जतकडचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत होते. दुपारी सिस्टर येऊन डोळ्यात थेंब टाकून गेल्या. आबांनी कॉटवर मांडी घातली, उशीचा चौरंग केला, फडकं सोडलं आणि म्हणाले, "वाच." आवाज कोरडा पडला होता.

मी वाचायला सुरुवात केली. दोन कॉट सोडून बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. पान संपलं, आबांच्या कानाशी मी मराठी सांगायला लागले, तेवढ्यात पलीकडून अप्पांनी विचारलं, "गाडीला काय जुपलं हुतं?"

"बैल," आबा म्हणाले.

"कसली?"

"खिलार."

अप्पा कॉटवर उठून बसले. मी आबांचा हात दाबला, "आबा, आवं..." त्यांनी बोट ओठावर ठेवलं. नियम मला पाठ होता. तिथून पुढं मीही त्यांच्या कानात नुसतं 'जनावरं' म्हणत गेले.

अप्पांच्या घरी तीन पिढ्या खिलार बैल. त्यांना त्या कुटुंबात काडीचा रस नव्हता. नवरा, बायको, पोरं नदीत उतरली आणि अप्पांनी विचारलं, "बैल पवली का?"

"पवली की. खिलार बुडतंय व्हय?"

"न्हाई बुडत," अप्पांनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं. "म्या बघितलंय."

हिवाळा आला, बर्फ पडायला लागला. "आता वैरण काय घालत्यात?"

"कडबा."

"तिकडं कुठला कडबा?"

आबा क्षणभर अडले. "जाताना गाडीत भरून न्हेला हुता."

"शाना माणूस," अप्पा म्हणाले.

खिडकीजवळच्या कॉटवरची बाई तोंडात पदर कोंबून हसत होती. माझा आवाज हसू दाबून दाबून चिरका झाला होता, आणि गंमत म्हणजे आबांचा आवाज सुटला होता. त्यांचे हात आता हवेत होते, कासरा धरल्यासारखे.

मग असं पान आलं की मी वाचता वाचता थांबले. पुढं सगळ्यात वाईट हिवाळा होता. मी हळूच सांगितलं, "आबा, ह्यात एक जनावर मरतंय."

आबांनी अप्पांच्या दिशेला मान वळवली. अप्पा कॉटच्या कडेला येऊन बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, धूसर डोळे आमच्याकडं लावून. सकाळी त्यांचंही ऑपरेशन होतं.

"त्यातला एक बैल," आबा सावकाश म्हणाले, "आजारी पडला."

"कुठला? डावा का उजवा?"

"उजवा. उठंचना. मग त्या माणसानं काय केलं, घोंगडं घेतलं, त्येच्याजवळ जाऊन बसला. तालुक्यास्नं जनावराचा डॉक्टर बलावला. त्यो म्हणला, ह्येला भ्या बसलंय, बाकी काय न्हाई. एक इंजेक्शन दिलं. सकाळी उठून हुबा ऱ्हायला."

अप्पांनी श्वास सोडला तो आमच्या कॉटपर्यंत ऐकू आला. सिस्टर दारात कधीच्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "हवालदारमामा, सगळ्यांची बीपी वाढवू नका. मला परत मोजावी लागतील." मोजली तेव्हा आबांची बीपी अगदी बरोबर भरली.

सकाळी त्यांचं नाव पुकारलं. ते आपले आपण उठले, हिरवा झगा सारखा केला, आणि मला म्हणाले, "मी येस्तवर फुडं वाचायचं न्हाई." मी पुस्तक मिटून बसले. मला इंग्रजीचं एक अक्षरही आठवत नव्हतं. थोड्या वेळानं ते परत आले, उजव्या डोळ्यावर पट्टी, मान ताठ, परेडवरून आल्यासारखे. म्हणाले, "एवढंच व्हय?" मागोमाग अप्पांनाही नेलं.

पट्ट्या दुसऱ्या दिवशी काढायच्या होत्या. डॉक्टर एकेक कॉट करत येत होते. आबांची पट्टी सुटली तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी होते. त्यांनी डोळा मिचकावला. पाणी आलं, पुसलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. बाजूला नाही, कानापलीकडं नाही. थेट माझ्याकडं.

"किती बोटं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन. आणि तुमच्या खिशाला शाई लागलीया."

डॉक्टर हसले आणि पुढच्या कॉटकडं वळले. मला रडू येत होतं आणि हसूही, दोन्ही एकदम, आणि मी दोन्ही येऊ दिलं. आबा वॉर्डभर बघत सुटले होते, पंखा, खिडकी, सिस्टरांचं घड्याळ. मग त्यांची नजर उशीवरच्या पुस्तकावर गेली. त्यांनी ते उचललं. कव्हरवर मोकळा माळ होता, आभाळ होतं आणि एक छप्पर घातलेली गाडी होती.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "ही तर घोडी हायत."

"व्हय आबा."

"पैल्यापास्नं?"

"पैल्यापास्नं."

त्यांनी पलीकडं बघितलं. डॉक्टर मधल्या कॉटवर होते. त्यानंतर अप्पा.

"डब्याखालचा पेपर काढ. बिगी बिगी."

मी पेपर दिला. त्यांनी जुना चष्मा नाकावर चढवला, पेपर मांडीवर पसरला, पुस्तक मधोमध ठेवलं आणि कडा दुमडायला लागले. मी पहिली-दुसरीत असताना जूनमध्ये रजेवर आले की ते माझ्या पुस्तकांना असंच कव्हर घालून द्यायचे, एकही घडी वाकडी नाही. "'कालव्याला पाणी सुटणार'," कोपरा दुमडता दुमडता ते वाचत होते. "'लग्नासाठी हॉल भाड्यानं.' दिसतंय गं. 'जुनी मोटारसायकल.' समदं दिसतंय."

शेवटची घडी आत खोचली आणि अप्पांची पट्टी सुटली. बोटं मोजून झाल्यावर अप्पांनी पहिलं काय केलं असेल तर आमच्याकडं हात पुढं केला.

"हवालदार, बुक दावा की. बैलाचं चित्र हाय का?"

"पोथीला चित्र नसतंय, अप्पा," आबा म्हणाले आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

अप्पांनी ते उघडलं. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांवर त्यांची नवी नजर बराच वेळ फिरली. "ह्यात बैल कुठं लिवल्यात?"

आबा उठून त्यांच्याजवळ गेले. पान डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं. ओळीवरून बोट सरकत गेलं, खालच्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"हितं," ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. सैन्यात शिकलेल्या तुटपुंज्या इंग्रजीवर त्यांनी त्या दाट पानातून नेमका घोड्याचा शब्द शोधून काढला होता आणि त्याच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवून ते अप्पांकडं बघत होते.